वडिलांच्या निवृत्तीपूर्वीचे वर्ष

नाशिक

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कंपनीतील तिसरी पाळी बंद झाली, ओव्हरटाइम संपला आणि पुढच्या वर्षी वडील 58 पूर्ण करून निवृत्त होणार, या तिन्ही गोष्टी एकदम आल्यामुळे तुमच्या घरी काटकसर सुरू झाली आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. मात्र ती कोठून सुरू झाली हे वाचून मला काळजी वाटली. आई रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागली आहे आणि वडिलांनी साखरेची तपासणी पुढे ढकलली आहे. पण इंदिरानगरच्या रो-हाउसचा वरचा मजला, जिथे तुझी बहीण सासरी गेल्यापासून कोणी झोपतही नाही, तो आपली घरपट्टी, गळती आणि दर पावसाळ्यानंतरची डागडुजी घेऊन जसाच्या तसा उभा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हयात घालवलेल्या कितीतरी कुटुंबांत मी हेच पाहत आलो. माणसे गोळ्या आणि प्रवास कमी करतात, खोल्या कमी करत नाहीत. माझा सल्ला बरोबर याच्या उलट आहे.

गोळीचा प्रश्न आजच मिटव. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घे आणि जनऔषधी केंद्रात जा. रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे तेथे नामांकित कंपन्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. चुकवलेल्या गोळ्यांमुळे पुढे अर्धांगवायू किंवा मूत्रपिंडाचा विकार जडला, तर जो खर्च येतो त्यापुढे ही बचत नगण्य आहे.

आता उत्पन्न. वडिलांचा फंड आणि कर्मचारी पेन्शन योजनेतून (ईपीएस) मिळणारी पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनाही नीट समजावून सांग, कारण ‘पेन्शन आहे’ या शब्दांवर अनेक जण निर्धास्त राहतात. पेन्शनचे सूत्र असे, की पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. पण हा पगार कितीही मोठा असला तरी बहुतेकांच्या बाबतीत 15,000 रुपयेच धरला जातो आणि सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेला तर 6,500 रुपयांचीच जुनी मर्यादा लागते. तीस वर्षे राबलेल्या माणसाच्या हाती या हिशेबाने महिना पाच हजारांच्या आतबाहेर पडतात. म्हणजे घर चालायचे ते फंड आणि ग्रॅच्युइटीच्या व्याजावर. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर हे पत्र लिहिताना 8.2 टक्के आहे, व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि गुंतवणुकीची कमाल मर्यादा 30 लाख आहे. साठ वर्षे पूर्ण व्हायला अवकाश असला तरी 55 नंतर निवृत्त झालेल्याला ही योजना खुली असते. अट एवढीच, की निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्याच पैशांतून, खाते उघडायला हवे. ही मुदत हुकली तर साठीपर्यंत थांबणे आले. वीस लाख तेथे ठेवले तर तिमाहीला 41,000 रुपये मिळतील.

हे व्याज वाढत नाही, खर्च मात्र वाढतो. महागाई सहा टक्के धरली तर आजचा 25,000 चा महिना बारा वर्षांनी 50,000 चा होतो, आणि आई आज 54 वर्षांची असल्याने हिशेब तिच्या 85 व्या वर्षापर्यंत धरायला हवा, वडिलांच्या नव्हे. म्हणून सुरुवातीची काही वर्षे व्याजातला थोडा भाग परत गुंतवता यावा, इतका खर्च खाली आणावा लागेल. तो किराणा आणि भाजीतून येणार नाही. नाशिककर गृहिणी तेथे आधीच पैसा वाया घालवत नाही.

घराकडे वळण्यापूर्वी मेडिक्लेमचे बघ, कारण त्याला वेळेचे बंधन आहे. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. सत्तरी गाठल्यावर आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार उत्पन्न न पाहता मिळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये ही सोय सुरू झाली. पण 58 ते 70 ही मधली वर्षे, म्हणजे नेमकी ज्या वयात हृदय, गुडघे आणि डोळे कुरकुर करू लागतात ती, स्वतःच्या बळावर काढायची आहेत, आणि आईच्या बाबतीत तर तो काळ सोळा वर्षांचा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता शिधापत्रिकेच्या रंगावर अवलंबून राहिलेली नाही, हे खरे. तरीही तिच्यात ठरावीक उपचार आणि यादीतील रुग्णालयेच येतात, तेव्हा तिच्यावर पूर्ण विसंबू नये. एप्रिल 2024 पासूनच्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारावरचा दावा विमा कंपनीला जास्तीत जास्त पहिले 36 महिने नाकारता येतो. वडिलांनी आज पॉलिसी घेतली तर त्यातले एक वर्ष नोकरीत असतानाच, कंपनीच्या विम्याच्या छत्राखाली निघून जाईल. निवृत्तीनंतर घेतली तर तिन्ही वर्षे उघड्यावर काढावी लागतील. साखर आणि रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहा. एजंट ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ असे सुचवील, तर एजंट बदला. खोलीभाड्याची मर्यादा असलेली पॉलिसी टाळा, कारण पाच हजारांची मर्यादा असताना आठ हजारांची खोली घेतली तर केवळ तीन हजारांचा फरक भरून सुटका होत नाही, बिलातील इतर बऱ्याच रकमांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. मोठ्या रकमेची एक पॉलिसी परवडत नसेल तर पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे त्या पाच लाखांच्या वरचा खर्च उचलणारी दुसरी पॉलिसी, ही जोडी बरीच स्वस्त पडते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे.

जाता जाता, वडिलांच्या विभागातील ज्या सहकाऱ्यांच्या पगारातून कामगार विम्याची (ईएसआय) वर्गणी कापली जाते त्यांना एवढे सांग, की किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयानुसार निवृत्त झालेल्याला वर्षाला 120 रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयासारख्या ठिकाणी उपचार चालू ठेवता येतात. ही सोय माहीत नसल्यामुळे वाया जाते.

आता घर. वडील म्हणतात, सिंहस्थ होऊ दे, 2027 नंतर भाव वाढतील, मग पाहू. हे दलालांचे बोलणे आहे. भाव वाढलाच तर तुम्ही जे घेणार त्याचाही वाढेल, आणि दरम्यान जिना चढणारे गुडघे आणखी दोन वर्षांनी म्हातारे होतील. वरचा मजला भाड्याने द्यावा असे तुला सुचले आहे. रीतसर नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार करून तो दोन-तीन वर्षे देणे वाईट नाही, पण भाडेकरू शोधणे, पाण्याची मोटर आणि गळती हे सारे तुझ्या आईच्याच अंगावर येणार आहे. मला विक्री अधिक पसंत आहे. समज, रो-हाउस 80 लाखांना गेले आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा जुना फ्लॅट 42 लाखांत मिळाला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, सोसायटीचे हस्तांतर, रंगरंगोटी आणि नफ्याचा जो भाग नव्या घरात गुंतला नाही त्यावरचा कर, हे सगळे वजा करून 30 लाख उरले, तर साठी पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या नावे त्याच पोस्टातील योजनेत ते महिन्याला सरासरी 20,500 रुपये देतील. निवृत्तीच्या पैशांनी वडिलांची मर्यादा अडलेली असेल तर आईच्या साठीपर्यंत ही रक्कम बँकेच्या ठेवीत राहू दे. रिकाम्या मजल्याची खरी किंमत ही आहे.

नवे घर घाईने घेऊ नका. विक्रीपासून दोन वर्षांत घर विकत घेतले तरी करसवलत मिळते, मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतील भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. म्हणून ज्या भागात राहायचे तेथे आधी वर्षभर भाड्याने राहून पाहा. सिटीलिंक या शहर बससेवेचा थांबा, औषधाचे दुकान आणि बरे रुग्णालय पायी किंवा पाच मिनिटांच्या रिक्षेवर असले पाहिजे. या कसोटीवर म्हसरूळ-मखमलाबादच्या टोकाला उभे राहणारे चकचकीत प्रकल्प बाद होतात आणि नाशिकरोड किंवा जुन्या पंचवटीतील साध्या इमारती टिकतात. निफाडला मळ्यात घर बांधण्याचा वडिलांचा बेत मला समजतो. द्राक्षांच्या हंगामात महिनाभर अवश्य जावे, पण रात्री छातीत कळ आली तर रुग्णवाहिका कोठून येणार, हे विचारून मगच पाया खणावा. माळ्यावरची स्टीलची भांडी आणि शोकेस यांवर भांडू नका. ती आईला हवी तेवढी नेऊ द्या, बाकीची भाचीच्या संसारात खपतील.

एका गोष्टीला मात्र तू स्वतः नकार दे. घर तुझ्या नावे बक्षीसपत्राने करून टाकावे, मुद्रांक 200 रुपयांत होतो, असे वडील म्हणत आहेत. तू कितीही चांगला असलास तरी घर आणि त्याचे पैसे आईवडिलांच्या हयातीत त्यांच्याच नावे राहावेत. त्यांनी मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही आणि दोन साक्षीदार पुरतात. बहिणीलाही त्याची कल्पना द्या.

तुझ्याविषयी थोडक्यात. नोकरी बदलताना फंड काढू नकोस, नव्या खात्यात वळता कर. कंपनीचा विमा असला तरी स्वतःचा लहानसा मेडिक्लेम आताच घे, वय लहान असताना तो स्वस्त पडतो. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवल्याशिवाय मोटारीचे कर्ज काढू नकोस.

या महिन्यात फंडाच्या संकेतस्थळावर वडिलांचे नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते तपास, आईचे नामनिर्देशन भरलेले आहे का ते पाहा, आणि घराचे खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा) व घरपट्टीच्या पावत्या एका फाइलमध्ये लाव. विम्याच्या दोन-तीन कंपन्यांची माहितीपत्रके मिळाली की घेऊन ये, खोलीभाड्याची आणि सहभुगतानाची (बिलाचा ठरावीक वाटा आपण भरण्याची) कलमे आपण मिळून वाचू.

तुझा,
काका