नवा विधी पदवीधर नेमताना

प्रश्न : अंधेरीतील आमच्या छोट्या बांधकाम कंपनीला करार तपासण्यासाठी नवा विधी पदवीधर हवा आहे. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयासारख्या संस्थांच्या प्लेसमेंट समितीला कामाचे स्वरूप आणि वेतन स्पष्ट कळवावे, ‘वेतन पात्रतेनुसार’ एवढ्यावर भागवू नये. तरीही आधी इंटर्न घेऊन पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप विद्यार्थ्यांना करावीच लागते. मुलाखतीत एखादा जुना भाडेकरार हाती देऊन त्यातील उणिवा लिहून मागाव्यात. गुणपत्रिका एवढे सांगत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरीत वकिली करता येत नाही आणि सनद (वकिलीचा परवाना) घेतली असल्यास ती स्थगित ठेवावी लागते, हे उमेदवाराला नेमणूकपत्रापूर्वीच सांगावे.