प्रत्येक क्लायंटला वेगळा स्कीमा द्यावा की सगळे एकाच टेबलात ठेवावे?

तुमचा प्रश्न असा आहे की बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, 30-35 क्लायंट आहेत, तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये प्रत्येकाला वेगळा स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा वेगळा कप्पा) करायचा की एकाच टेबलात क्लायंट आयडीचा कॉलम टाकून सगळ्यांना कोंबायचं. 35 साठी मी तरी स्कीमाच करीन. पण मी त्यात एकदा चांगलाच तोंडावर पडलोय, म्हणून जरा लांबचं लिहितो.

मी नागपूरचा, कळमना मार्केटमधल्या अडत्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो, शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, व्यापाऱ्याची उधारी वगैरे. आधी क्लायंट आयडीवालंच होतं. एक दिवस एका शेठनी विचारलं, "माझा हिशोब त्या बाजूच्या गाळेवाल्याच्या हिशोबासोबतच पडून राहते काय बे?" आता याले काय सांगू, हो म्हणलं तर गिऱ्हाईक जाते. मग बसून सगळं स्कीमात हलवलं. फायदा लगेच दिसला, कोणी चुकून महिनाभराच्या पट्ट्या उडवल्या तर पीजी डम्पनं (पोस्टग्रेसचं बॅकअपचं टूल) फक्त त्याच्या स्कीमाचा बॅकअप घेतलेला असते, तेवढाच परत आणायचा, बाकीच्यांना पत्ताही नाही. एकाच टेबलातून एका माणसाच्या ओळी जुन्या बॅकअपमधून उचलून आणणं म्हणजे डोक्याला ताप. फक्त पब्लिक नावाच्या डिफॉल्ट स्कीमामधले कॉमन टेबल आणि एक्सटेन्शन (पोस्टग्रेसला जोडलेले जास्तीचे भाग) त्या डम्पमध्ये येत नाहीत, ते वेगळे सांभाळा.

आता पडलो कुठं ते सांगतो. लॉगिन झालं की मी सर्च पाथ (टेबल कोणत्या स्कीमांत शोधायचा त्याची यादी) सेट करायचो, त्यातून कोणता स्कीमा ते ठरते, आणि कितीक महिने बरोबर चाललं. मग कनेक्शन कमी पडून राहिले होते म्हणून मधात पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा पूलर) टाकला, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे एक ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारं काम) संपली की कनेक्शन दुसऱ्याले. सकाळी सातला फोन, मार्केट भरात, "अरे माझ्या पट्टीवर हा कोणता शेतकरी आला, मी याला ओळखतही नाही." पाहतो तर काय, आधीच्या क्लायंटचा सर्च पाथ त्याच कनेक्शनवर चिकटून राहिला होता आणि ट्रान्झॅक्शन संपल्यावर पूलरनं तेच कनेक्शन दुसऱ्याले देऊन टाकलं. चूक माझीच. तेव्हापासून नियम एकच, ट्रान्झॅक्शन सुरू केली की आधी सर्च पाथ सेट लोकल कमांडनं लावायचा, नुसत्या सेटनं नाही, म्हणजे कमिट झालं (ट्रान्झॅक्शन पक्की झाली) की ते आपोआप जाते. आणि सर्च पाथमध्ये शेवटी पब्लिक ठेवलं असेल तर पब्लिकमध्ये त्याच नावाचा टेबल ठेवू नका, कारण क्लायंटच्या स्कीमात टेबल नसला तर एरर न येता एन्ट्री चुपचाप पब्लिकमध्ये जाऊन बसते.

दुसरं म्हणजे सगळ्यांसाठी एकच डेटाबेस युजर वापरला तर वेगळा स्कीमा म्हणजे नुसता पडदा आहे, भिंत नाही. जमलं तर प्रत्येक क्लायंटचा वेगळा रोल (डेटाबेसचा युजर) करा आणि त्याला त्याच्याच स्कीमाची परवानगी द्या. एवढं नको असेल आणि एकच टेबल ठेवायचा असेल तर 2016 मध्ये आलेल्या 9.5 व्हर्जनपासून रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसतील त्याचे नियम, म्हणजे पॉलिसी) आहेच, पण टेबलाच्या मालक रोलनंच ॲप जोडलं असेल तर पॉलिसी लागतच नाही, ती फोर्स करावी लागते, इथं खूप जण फसतात.

मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतला बदल) 35 वेळा चालवावं लागते हे तर तुम्हाला समजलंच असेल. प्रत्येक स्कीमाचं वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये करा, प्रत्येकात व्हर्जनचा टेबल ठेवा (कोणतं मायग्रेशन झालं ते कळायला), आणि लॉक टाइमआउट (लॉकसाठी किती वेळ थांबायचं त्याची मर्यादा) लावा, नाहीतर कोणीतरी वर्षाचा रिपोर्ट काढत बसलेला असते, तुमचा अल्टर (टेबल बदलायची कमांड) त्याच्यामागे थांबते आणि अल्टरच्या मागे त्या क्लायंटच्या सगळ्या क्वेऱ्या रांगेत.

35 वरून 200 वर जायचा विचार असेल तर मात्र आत्ताच हिशोब करा. 40 टेबल गुणिले 200 म्हणजे 8000 टेबल. पूर्ण डेटाबेसचा डम्प घेताना पीजी डम्प प्रत्येक टेबलावर एक लॉक घेते, आणि डिफॉल्ट सेटिंगमध्ये लॉकसाठी जागा साधारण ट्रान्झॅक्शनमागे 64 लॉक गुणिले 100 कनेक्शन, म्हणजे 6400 चीच धरलेली असते. मग मधातच "आउट ऑफ शेअर्ड मेमरी" येते, आपण रॅम वाढवत बसतो आणि रॅमचा त्यात काही संबंधच नसतो. मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन ही सेटिंग (वरचा 64 चा आकडा) वाढवा आणि सर्व्हर रिस्टार्ट करा, रिलोडनं ते लागू होत नाही. मी स्कीमावार डम्प घेतो म्हणून मला ते लागलं नाही अजून.