एसडब्ल्यूआर उत्तम, मग उत्तर का येत नाही?

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) अडीच मीटरची व्हिप, म्हणजे उभ्या काठीसारखी अँटेना आहे. बुडाशी कॉइल, अर्थची एक वायर पाण्याच्या पाइपला. एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१ होता. मला सगळे ऐकू येतात, पण १०० वॉट सोडूनही उत्तर क्वचितच मिळतं. आता ५ मीटरचे १६ रेडियल (व्हिपच्या बुडापासून चहूकडे जाणाऱ्या अर्थच्या तारा) पसरले, तर एसडब्ल्यूआर ३ च्या घरात गेला. रेडियल काढू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात काढू नका! अँटेना सुधारली आहे, बिघडलाय तो फक्त मीटरवरचा आकडा.

७.१ मेगाहर्ट्झला एवढ्याशा व्हिपचा रेडिएशन रेझिस्टन्स (एकूण रोधातला, शक्ती हवेत पाठवणारा भाग) जेमतेम १.४ ओहम. कॉइलचे ६ धरा. मीटर ५० दाखवत होता (रेडिओ आणि केबलला हवे तेवढेच, म्हणून एसडब्ल्यूआर १.१), म्हणजे उरलेले ४२ अर्थचे. १०० वॉटमधले ३ सुद्धा हवेत जात नव्हते. बाकीचे स्लॅब, पाइप आणि कॉइल तापवण्यात खर्च. आता अर्थ १० ओहमवर आला असावा. बेरीज १७, म्हणजे ५० च्या जवळपास एक तृतीयांश, म्हणून एसडब्ल्यूआर ३. पण नीट मॅच केलंत (अँटेना ५० ओहमला जुळवलीत) तर हवेत ८ वॉट जातील. ऐकायला अडचण नव्हती, कारण या बँडवर बाहेरचा खरखराटच मोठा असतो. अँटेना कमजोर असली तर तोही सिग्नलबरोबरच कमी होतो.

मॅचिंगसाठी फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे), कोॲक्स केबलची आतली तार आणि शील्ड (तिच्याभोवतीची जाळी) यांच्यामध्ये, ०.८ मायक्रोहेन्रीची कॉइल जोडा: दीड मिमी इनॅमल तार, २५ मिमी व्यास, २५ मिमी लांबीत ७ वेढे. मग एसडब्ल्यूआर खाली येईपर्यंत व्हिप थोडी थोडी आखूड करत जा. १.५ च्या वरच अडला तर वेढे जरा फाकवून किंवा दाबून पाहा. खोलीतला ट्यूनर (रेडिओजवळ जुळणी करून देणारा डबा) रेडिओला खूश करेल, अर्थमधला तोटा तसाच राहील.

व्हिप सोसायटीच्या सचिवांच्या डोळ्यांत खुपत नाही, हीच तिची खरी सोय. तार चालणार असेल तर मधोमध सहा मीटरची काठी उभारून इन्व्हर्टेड व्ही (मध्य उंच, दोन्ही बाजू खाली उतरत जाणारी तारेची अँटेना) लावा. प्रत्येक बाजू १०.३ मीटर कापा आणि दोन्हीकडून सारखंच छाटत आणा. जागा कमी पडली तर टोकाचे दीड-दोन मीटर बाजूला वळवले तरी फारसं बिघडत नाही. टोकांना व्होल्टेज जबर असतं, ती हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवा.

प्रश्न : १५ मीटर आरजी-५८ या बारीक कोॲक्सऐवजी जाड केबल घेऊ का?

उत्तर : नको. ७ मेगाहर्ट्झला तोटा साधारण अर्धा डेसिबल, म्हणजे किरकोळ. त्यापेक्षा पावसाळ्याआधी बाहेरच्या कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा. शील्डच्या जाळीत पाणी शिरलं की केबल टाकूनच द्यावी लागते.