आधी पाठ बघ, मग आकडा लिही

प्रिय मुली,

आयसीयूतल्या नव्या स्टाफला बेडसोअरचा, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचा, धोका ओळखायला शिकवायचं काम तुझ्याकडे आलं, हे कळलं. तू लगेच चाळीस स्लाइड केल्यास, तेही कळलं. त्यातल्या पाच ठेव. बाकीचा वर्ग बेडपाशी घे.

हा धोका मोजायचं ब्रेडन स्केल तुला येतंच. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांचं, १९८७ सालचं. सहा भाग (जाणीव, ओलावा, वावर, हालचाल, पोषण, घर्षण-घसरण), बेरीज ६ ते २३, आकडा जितका कमी तितका धोका जास्त. नव्या मुली एवढं अर्ध्या तासात शिकतात. पण व्हेंटिलेटरवरचे, झोपेच्या औषधाखालचे पेशंट जवळजवळ सगळेच १८ च्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, खाली येतात. मग प्रत्येक चार्टवर 'हाय रिस्क' लिहिलेलं, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. म्हणून मुलींकडे बेरीज मागू नकोस, सहाही आकडे सुटे माग. समज, दोन पेशंट आहेत, दोघांचेही १२. एकाचे गुण ओलाव्यात गेलेत, कारण लूज मोशन थांबत नाहीत. दुसरा सारखा बेडच्या पायथ्याकडे घसरतोय. पहिल्याला वेळेवर स्वच्छता आणि ओलावा अडवणारं बॅरियर क्रीम हवं. दुसऱ्याला दोघींनी ड्रॉ शीटने (अंगाखालच्या आडव्या चादरीने) उचलून वर घ्यायला हवं, ओढून नाही. शिवाय त्याचं डोकं वर करण्याआधी गुडघ्याकडचा भाग वर कर, म्हणजे तो घसरणार नाही.

दोघींना एकाच पेशंटचे गुण एकमेकींचं न बघता लिहायला लाव. आमच्याकडे भांडण हमखास पोषणावर व्हायचं. एकीने चार्टवरचा फीड (नळीतून द्यायचं अन्न) बघून ३ दिलेले, दुसरीला ठाऊक की अर्धी रात्र फीड बंदच होता. माझे सगळ्यात चांगले वर्ग अशा भांडणांतूनच झाले.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक पेशंट नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होता. मी रोज आदल्या ड्युटीचाच आकडा उतरवत होते. पाठ बघायचे, टाचा बघायचे. दहाव्या दिवशी केस विंचरताना उशीला डाग दिसला. डोक्याच्या मागे रुपयाएवढी जखम होती, काळी पडलेली. डोकं उचलून कुणी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून मी शिकवताना डोक्यापासूनच सुरू करते. मग ट्यूब बांधलेल्या पट्टीखालचा ओठाचा कोपरा, मास्कखालचा नाकाचा दांडा, राइल्स ट्यूबची (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीची) नाकपुडी, प्रोब लावलेलं बोट. नळ्यांच्या या जागा सहा भागांत कुठेच सापडत नाहीत. नॉरअ‍ॅडचा (बीपी टिकवणाऱ्या औषधाचा) डोस वाढला तरी तो आकड्यात दिसत नाही, पण कातडीचा रक्तपुरवठा तुटायला लागलेला असू शकतो.

पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या पेशंटवर बेडसोअर सुरू होतानाची लाली दिसेलच असं नाही, आणि दाबल्यावर पांढरं पडतंय का, तेही नीट कळत नाही. तिथे हात लावायला शिकव. शेजारच्या कातडीपेक्षा जागा गरम लागते की गार, टणक की लिबलिबीत?

स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळणं आम्ही कित्येक वर्षं मन लावून केलं. लाल झालेल्या जागी चोळल्याने आतली इजा वाढते. पाणी भरलेला ग्लोव्ह टाचेखाली ठेवणंही बंद कर. पोटरीखाली उशी घाल आणि टाच अधांतरी ठेव. जुन्या सिस्टर अजून चोळताना दिसतील. त्यांना नव्या मुलींसमोर टोकू नकोस, चहाला बाजूला घेऊन सांग.

पेशंटला कधी वळवलं ते लिहायच्या पोझिशन चार्टवर रात्रभराच्या सगळ्या सह्या पहाटे पाचला एकाच पेनाने झालेल्या दिसल्या, तर ओरडण्याआधी विचार की रात्री तिच्याकडे किती पेशंट होते आणि वळवायला जोडीला कोण होतं. ते इन्चार्जच्या कानावर घालणं हेही तुझंच काम.

आणि मावशींना वर्गाला बोलव. डायपर बदलताना पाठ आधी त्यांना दिसते. आमच्या मावशी "इथं कातडी वेगळी लागतीय" म्हणाल्या की मी हातातलं काम टाकून जायची.

पहिला वर्ग सकाळच्या स्पंजच्या वेळी ठेव. पेशंट तेव्हा तसाही कुशीवर वळलेला असतो.

तुझी,
सिस्टर