खानापूर आणि बेळगावात ठेवलेल्या दोन हिऱ्यांतले क्यूबिट (क्वांटम माहितीचे एकक) साध्या फायबरवरून जोडता येतील का?

येतील, पण हिऱ्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग आधी बदलावा लागेल. मी फिजिक्स शिकवतो, म्हणून हिशेबच मांडतो. हिऱ्यात कार्बनच्या जागी आलेला नायट्रोजनचा अणू आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा मिळून हा क्यूबिट होतो; त्याचा कामाचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, लाल, 637 नॅनोमीटरचा असतो. दोन्हीकडचे फोटॉन मध्यावर, देसूर-इदलहोंडच्या आसपास समजा, एकत्र आणून मोजले की क्यूबिट गुंततात, म्हणजे दोघांची क्वांटम अवस्था एकमेकांशी जोडली जाते. म्हणजे प्रत्येकाचा प्रवास साधारण 12.5 किलोमीटर. लाल प्रकाश फायबरमध्ये किलोमीटरला सुमारे 8 डेसिबल गळतो, म्हणजे 12.5 किलोमीटरला 100 डेसिबल, हजार कोटींतला एखादाच फोटॉन पोचणार. टेलिकॉमच्या 1550 नॅनोमीटरच्या आसपास तीच गळती 0.2 डेसिबल, तिथे निम्म्याहून जास्त पोचतात. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट ते द हेग हेच केलं: रंग बदलून, जमिनीत पुरलेल्या 25 किलोमीटर फायबरवरून, आणि 2024 मध्ये ते प्रसिद्ध झालं.

अडचण एकच, पण मोठी. वाटेत अँप्लिफायर चालत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल काढता येत नाही; त्यामुळे मध्ये अँप्लिफायर नसलेली, मोकळी फायबरच लागेल (आणि ती जेसीबीपासून वाचवायला हवी!). शिवाय हिरा 4 केल्विनच्या (उणे 269 अंश सेल्सियसच्या) आसपास थंड ठेवायचा. सराफाकडचा खडा चालणार नाही, प्रयोगशाळेत वाढवलेला अतिशुद्ध हिरा लागतो.