व्हेंटोची व्हर्टस झाली, की व्हेंटोच्या जागी व्हर्टस आली?

ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांनी घरची २०१६ची फोक्सवॅगन व्हेंटो विकायला काढली आहे आणि त्याच कंपनीची व्हर्टस बुक केली आहे. वडील शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात, "व्हेंटोचं नामांतर होऊन व्हर्टस झाली, तीच घेतोय." शोरूममधला मुलगा म्हणाला, "व्हेंटो रिप्लेस झाली." बातमीत त्यांनी वाचलं, 'व्हेंटोचा उत्तराधिकारी'. यातलं बरोबर कोणतं, आणि जुन्या गाडीची जाहिरात चांगल्या मराठीत कशी लिहावी, असं ते विचारतात.

हा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. तिघांनी तीन शब्द वापरले आणि प्रत्येक शब्द वेगळी हकीकत सांगतो. घडलेली गोष्ट मात्र एकच आहे.

ती आधी पाहू. व्हेंटो २०१०मध्ये आली, पोलोला डिक्की जोडून केलेली. व्हर्टस २०२२मध्ये आली. दोन्ही चाकणच्याच, पण व्हर्टसचा प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, निराळा, अंगाने ती मोठी, लांबी ४५६१ मिलिमीटर. म्हणजे जुन्या गाडीला नवं नाव दिलेलं नाही. गाडीच दुसरी आहे. वडिलांचं 'नामांतर' इथे बसत नाही.

पण वडिलांच्याच वाक्यात एक फार मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे 'व्हेंटो-ची व्हर्टस झाली' ही रचना. 'अमक्याचं तमकं झालं' असं आपण केव्हा म्हणतो? दुधाचं दही झालं. वाल्याचा वाल्मीकी झाला. वस्तू किंवा माणूस तोच, त्याचं रूप किंवा नाव पालटलं, तेव्हा. व्हीटीचं सीएसटी झालं आणि पुढे सीएसएमटी झालं, हेही त्यातलंच. स्टेशन जागचं हललं नाही. याउलट एक गेलं आणि दुसरं आलं, की आपण 'च्या जागी' म्हणतो. चाळीच्या जागी टॉवर आला. चाळीचा टॉवर झाला असंही लोक म्हणतात, पण तेव्हा त्यांच्या मनात तीच माणसं आणि तोच पत्ता असतो. ठाण्यात नौपाड्यातल्या पुनर्विकासाच्या गप्पा कान देऊन ऐका, हा फरक लोक न शिकवता पाळतात.

गाड्यांच्या बाबतीत ही दोन वाक्यं अगदी चोख वापरता येतात.

'ची झाली' म्हणावं अशी सर्वांत जुनी आणि आपल्याला जवळची गाडी म्हणजे फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची. सत्तरच्या दशकात इटलीच्या फियाटचं नाव उतरलं, ती आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४मध्ये प्रीमियर पद्मिनी. पत्रा तोच, दरवाजे तेच, स्टिअरिंगपाशी बसवलेला गिअरचा दांडा तोच. फियाटची पद्मिनी झाली, हे वाक्य शंभर टक्के खरं. गंमत पुढे आहे. गाडीवर 'पद्मिनी' लिहिलेलं असताना मुंबई-ठाण्यात पंचवीस-तीस वर्षं सगळे तिला 'फियाट'च म्हणत राहिले. माझे काका काळी-पिवळी दिसली की "फियाट थांबव" म्हणायचे. ऑक्टोबर २०२३मध्ये पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हाही घरी बोलणं झालं ते "शेवटची फियाट गेली" असंच. गाडी तीच राहिली की जुनं नाव जिभेवरून उतरत नाही. नवं नाव तोंडात बसायला वस्तूसुद्धा नवी दिसावी लागते, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण लोगनचं. महिंद्र आणि रेनॉ यांनी मिळून २००७मध्ये लोगन आणली. २०१०मध्ये भागीदारी सुटली, गाडी महिंद्रकडे राहिली आणि २०११मध्ये तिचं नाव व्हेरिटो झालं. भागीदारी मोडल्यावर दुकानाची पाटी बदलावी तसं हे. लोगनची व्हेरिटो झाली. फियाटच्याच सिएनाची इथे पेट्रा झाली, तेही थोड्या रंगरंगोटीसह याच जातीचं.

'च्या जागी' म्हणण्याजोग्या गाड्या कितीतरी आहेत. एस्टीमच्या जागी २००८मध्ये स्विफ्ट डिझायर आली. एसएक्स-फोरच्या जागी २०१४मध्ये सियाझ आली. एक्सेंटच्या जागी २०२०मध्ये ऑरा आली. रॅपिडच्या जागी स्लाव्हिया, आणि तुमच्या व्हेंटोच्या जागी व्हर्टस. 'रिप्लेस झाली' या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका. मराठीत तो शब्द नाहीच, वाक्य आहे: 'तिच्या जागी ही आली'. आपली भाषा इथे नाम घडवत नाही, जागा दाखवते आणि क्रियापदाने काम भागवते. 'प्रतिस्थापित झाली' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. व्याकरणात चूक नाही, पण कोणाच्याही घरात हे वाक्य बोललं जाणार नाही.

आता तिसरा प्रकार, जो मला सर्वांत जास्त आवडतो: गाडी नवी, नाव जुनंच. होंडा सिटी आपल्याकडे १९९८पासून सिटीच आहे. मधल्या काळात तिचा आकार, इंजिन, लांबी, सगळं कैकदा पालटलं. नाव एकच ठेवलं की कंपनीचं भागतं, पण लोकांची पंचाईत होते. दोन वर्षांपूर्वी मी मेहुण्याबरोबर वागळे इस्टेटमध्ये एका सुट्या भागांच्या दुकानात त्याच्या गाडीचा आरसा घ्यायला गेलो होतो. मेहुणा म्हणाला, "होंडा सिटीचा डावा आरसा द्या." दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "टाइप टू, डॉल्फिन, की आय-व्हीटेक?" मेहुणा म्हणाला, "डॉल्फिन." दुकानदार आत गेला आणि आरसा घेऊन आला. 'डॉल्फिन' हे नाव कोणत्याही कंपनीने दिलेलं नाही. २००३ची सिटी पुढून डॉल्फिनच्या तोंडासारखी दिसते म्हणून लोकांनी ते पाडलं. पुस्तकात ती गाडी नुसती सिटी, बाजारात डॉल्फिन. ह्युंदाईच्या वर्नाचंही तसंच, फक्त तिथे 'फ्लुइडिक' हा शब्द कंपनीचाच. २०११ची वर्ना आजही 'फ्लुइडिक वर्ना' म्हणूनच विकली जाते.

हे आपल्याला नवं नाही. घराण्यात एकच नाव दोनदा आलं की आपण विशेषण लावून माणूस वेगळा करतो. थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे ही विशेषणं मराठीला पिढ्यान्‌पिढ्या लागत आली आहेत. म्हणून 'सेकंड जनरेशन सिटी'ला 'दुसऱ्या पिढीची सिटी' म्हणणं मला अजिबात ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. 'पिढी' हा शब्द इथे भाषांतर म्हणून येत नाही, तो आपल्या घरातूनच येतो.

आजोबा-नातवाची रीत तंतोतंत पाळलेली गाडी म्हणजे स्कोडाची ऑक्टाव्हिया. २००१मध्ये ती आपल्याकडे आली, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची. २००५मध्ये पुढच्या पिढीची गाडी आली, पण जुनी ऑक्टाव्हिया अजून विकली जात होती. एका छताखाली दोन ऑक्टाव्हिया कशा नांदणार? म्हणून युरोपात जिला ऑक्टाव्हियाच म्हणत, तिला भारतात लॉरा म्हटलं. २०१३मध्ये तिसरी पिढी आली, तोवर थोरली निवृत्त झाली होती, आणि नाव परत ऑक्टाव्हिया झालं. आजीचं नाव लेकीला मिळालं नाही, नातीला मिळालं. फोर्डने हीच अडचण उलट सोडवली. २०११मध्ये नवी फिएस्टा आली तेव्हा जुनीचंच नाव काढून धाकटीला दिलं आणि जुनी 'फिएस्टा क्लासिक' झाली. थोरलीने हयातीत आपलं नाव सोडून द्यावं, हे मात्र आपल्या रीतीत बसणारं नाही.

आणि मारुतीची बलेनो. १९९९ची बलेनो डिक्कीवाली, २०१५ची बलेनो हॅचबॅक, म्हणजे मागे वेगळी डिक्की न काढलेली. या दोघींत कसलंच नातं नाही, नाव तेवढं सारखं. इथे 'ची झाली' चालत नाही, 'च्या जागी'ही नाही आणि 'पिढी'ही नाही. 'बलेनो हे नाव दुसऱ्या गाडीला दिलं' असं सरळ सांगावं.

तुमच्या वडिलांच्या 'नामांतर' या शब्दाकडे वळतो. शब्द सुंदर आहे. समासाच्या शेवटी आलेला 'अंतर' म्हणजे 'दुसरा': भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, तसं नामांतर म्हणजे दुसरं नाव. लोगनची व्हेरिटो झाली त्याला व्याकरणाने नामांतर म्हणता येईल. तरीही गाडीसाठी तो शब्द मी वापरणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ला केला आणि नाव प्रत्यक्षात आलं १४ जानेवारी १९९४ला. मधल्या सोळा वर्षांत त्या शब्दासाठी लोकांनी मार खाल्ला, घरं जळली, जीव गेले. माझ्या पिढीच्या कानाला 'नामांतर' ऐकू येतं ते लाँगमार्चच्या घोषणेत. डिक्कीवरची अक्षरं बदलण्याला 'नाव बदललं' हे दोन शब्द पुरे आहेत.

त्याच इतिहासातून आणखी एक नेमका शब्द मराठीला मिळाला, 'नामविस्तार'. १९९४मध्ये 'मराठवाडा' हा शब्द तसाच ठेवून त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, म्हणून त्याला नामविस्तार म्हटलं. नाव बदलणं आणि नाव वाढवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हा भेद त्या शब्दाने आपल्याला शिकवला. गाड्यांत तो पदोपदी दिसतो. कोरोलाची कोरोला आल्टिस झाली, तिथे नाव वाढलं. स्विफ्ट डिझायरमधलं 'स्विफ्ट' २०१७मध्ये गळालं, फिगो अस्पायरमधलं 'फिगो' गेलं, तिथे नाव आटलं. 'नाव वाढलं' आणि 'नाव आटलं' ही वाक्यं बोलून पाहा, कुठेही अडत नाहीत.

'उत्तराधिकारी' मला या जागी खटकतो. एक तर त्यात अधिकार आहे, गादी आहे. दुसरं म्हणजे लिंग. मराठीत गाडी 'ती', म्हणून नाव कुठलंही असो, गाडी स्त्रीलिंगीच: सिटी घेतली, ॲम्बॅसिडर विकली, टिगोर आली. मग 'व्हेंटोचा उत्तराधिकारी व्हर्टस' म्हटलं की गाडी एकदम 'तो' होते, आणि 'उत्तराधिकारिणी' तर कोणी म्हणणार नाही. मथळ्यात एकच शब्द हवा असेल तर 'वारस' घ्यावा. तो आणि ती, दोघांनाही चालतो: व्हेंटोची वारस व्हर्टस.

एक सावधगिरी 'बंद'बद्दल. 'व्हेंटो बंद झाली' म्हणजे कंपनीने ती बनवणं थांबवलं. 'व्हेंटो बंद पडली' म्हणजे ती घोडबंदर रोडवर मधेच उभी राहिली. विकायच्या गाडीबद्दल बोलताना क्रियापद सांभाळा, गिऱ्हाईक एका शब्दावर परत जाईल.

'मॉडेल'ही जपून. शोरूममध्ये मॉडेल म्हणजे व्हेंटो, व्हर्टस, ऑरा. जुन्या गाड्यांच्या बाजारात मॉडेल म्हणजे साल. तुर्भ्यात किंवा कळव्यात कोणी विचारलं, "मॉडेल किती?" तर उत्तर "व्हेंटो" नसतं, "सोळाचं" असतं. शिवाय गाडी 'ती' असली तरी मॉडेल 'ते' आहे. म्हणून 'ही गाडी बंद झाली' पण 'हे मॉडेल बंद झालं'. एकाच वाक्यात दोन्ही आले की भल्याभल्यांची गल्लत होते.

तुमची जाहिरात मी अशी लिहिली असती: 'विकणे आहे. फोक्सवॅगन व्हेंटो, २०१६ मॉडेल, एमएच-४३ पासिंग, पहिला मालक. त्याच कंपनीची नवी गाडी घेतल्यामुळे विकत आहोत.' व्हर्टसचं नाव घालायची गरज नाही. वडिलांना शेजाऱ्यांना सांगायचंच असेल तर त्यांनी म्हणावं, "व्हेंटो बंद झाली, तिच्या जागी व्हर्टस आली, ती घेतोय."