कोल्हापुरातून वळवाच्या ढगांवरचे लाल 'स्प्राइट' दिसू शकतात का?

दिसू शकतात, मात्र डोक्यावर गडगडणाऱ्या वळवात नव्हे, तर दूरच्या वादळावर. स्प्राइट, म्हणजे वादळी ढगांच्या खूप वर क्षणभर उमटणारा लाल प्रकाश, ढगाच्या आत घडत नाही. ढगातून जमिनीवर प्रबळ धनभारित वीज कोसळली की वरच्या विरळ हवेतील विद्युतक्षेत्र क्षणात वाढते आणि साधारण ५० ते ९० किलोमीटर उंचीवर नायट्रोजनचे रेणू तांबूस प्रकाश देतात. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी अशा विद्युत-विसर्जनाची शक्यता १९२०च्या दशकातच वर्तवली होती, तरी पहिले चित्रण झाले ते १९८९ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठातील संशोधक कमी प्रकाशात चालणारा कॅमेरा तपासत असताना, जवळजवळ योगायोगाने.

पन्हाळ्यासारखी उंच जागा, एप्रिल-मेमधील चांदणे नसलेली रात्र आणि सोलापूर-कलबुर्गीच्या बाजूला, म्हणजे दोनशे-पावणेतीनशे किलोमीटरवर, विजा चमकत असणे, हा माझ्या मते उत्तम योग होय. अट एवढीच की मधले आकाश निरभ्र हवे. इतक्या अंतरावर स्प्राइट क्षितिजापासून, हात लांब करून धरलेल्या दीड-दोन मुठींच्या उंचीवर येतो, त्यामुळे नजर चमकणाऱ्या ढगावर न ठेवता त्याच्या बऱ्याच वर ठेवावी. हा खेळ काही मिलिसेकंदांचाच असल्याने अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनाही तो जेमतेम जाणवतो. तिपाईवरील कॅमेऱ्याने, भिंगाचे छिद्र (अपर्चर) मोठे आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलता, वाढवलेली ठेवून, सलग चित्रीकरण करणे अधिक भरवशाचे. (मोबाईलवर फारशी भिस्त ठेवू नये.) वादळ आपल्याच दिशेने सरकू लागले, तर मात्र उघड्या तटबंदीवरून लगेच खाली यावे.